उरलेल्याचा बर्गर आणि ‘जैन’ नावाची चिठ्ठी



रात्रीची उरलेली भाजी सकाळी पावात भरायची, वर घट्ट दह्याचं ‘मेयोनीज’ लावायचं, बटरवर भाजायचं, की झाला मुलांचा डबा. कांदा-लसूण नाही, बटाट्याऐवजी कच्चं केळं, म्हणून नाव ‘जैन स्टफ्ड बर्गर’. अशा पाककृती हल्ली आपल्याच बायकांत फिरतात आणि आपणच एकमेकींना वा वा म्हणतो. यात जैन काय आहे ते मला कोणीतरी सांगावं.

रात्र उलटलेली भाजी वासी. तिच्यात पाण्याचा अंश आहे, आणि पाण्याचा अंश असलेलं शिजवलेलं अन्न दुसऱ्या दिवशी अभक्ष्य, हे आपल्या घरातली दहा वर्षांची मुलगीही सांगेल. यावर उत्तर ठरलेलं असतं, “फ्रीजमध्ये होती हो.” फ्रीजने भाजीचा वास थांबतो, रात्र थांबत नाही. आपला नियम आंबूस लागण्याचा नाहीच, तो काळाचा आहे. पाव तर बहुतेक ठिकाणी रात्री भट्टी लावून पहाटे विकायला येतो, म्हणजे यीस्टने फुगवलेला आणि वर रात्र काढलेला. आमच्या खेडमध्ये जून ते सप्टेंबर पाव दोन दिवस ठेवून बघा, हिरवट बुरशी डोळ्यांनी दिसते. ती लील-फूग दिसते तेव्हाच सुरू झालेली असते असं थोडंच आहे?

दह्याचं मेयोनीज हा तर कहर आहे. खाली मुगाच्या डाळीची टिक्की आणि वर कच्चं दही म्हणजे सरळ द्विदल. अंडं टाळलं म्हणून आनंदाने दही घेतलं आणि दुसऱ्या दोषात पडलो. दही आधी चांगलं गरम करून घेतलं तर चालतं असं श्वेतांबर परंपरेत मानतात, बऱ्याच दिगंबर घरांत तेही चालवत नाहीत. आपापल्या गुरुमहाराजांना विचारा, मी त्यात पडत नाही. पण विचारा तरी! बटरचंही तेच. मध, मद्य, मांस आणि लोणी या चार महाविगई आपण लहानपणी पाठशाळेत घोकल्या. घरात तूप असताना लोण्यावर भाजायची गरज काय?

आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका दाखवू नका. तो मांस, मासे, अंडी नाहीत एवढंच सांगतो. कांदा, लसूण, बटाटा, मध, यीस्ट सगळं त्या ठिपक्यात सुखाने बसतं. सॉसच्या बाटलीवरचे घटक चष्मा लावून वाचा, बहुतेक बाटल्यांत कांदा-लसूण सापडतोच.

माझं भांडण बर्गरशी नाही. आपल्यातल्या काही ज्येष्ठ बायका म्हणतात, बर्गरचं नावच घरात काढू नये. त्यांना मी विचारते, नाव परकं म्हणून पदार्थ अभक्ष्य होतो का? पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि मिरचीही त्यांच्याबरोबरच आली. मिरची कोणी सोडली? मुंबईत मॅकडोनाल्ड्स 1996 साली वांद्र्याला उघडलं, त्याच्या आधी तीस वर्षं दादर स्टेशनबाहेर वडापाव होता. आपली मुलं दोन्हींसमोर उभी राहिली आहेत. खेडची मुलं बारावीनंतर पुण्या-मुंबईला जातात. घरात ‘नाही’ एवढंच ऐकलेलं मूल तिथे ‘जैन’ चिठ्ठी लावलेलं काहीही खातं, कारण चिठ्ठीच्या पलीकडे काय विचारायचं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. टिक्की कधीची, कोणत्या तेलात तळली, पाव कधीचा हे प्रश्न घरच्या ओट्यापाशीच शिकवायचे असतात, आणि त्यासाठी बर्गरसारखा दुसरा धडा नाही.

आता उरलेल्याचं. “टाकायचं का मग? अन्न टाकणं ही पण हिंसाच ना?” हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं आपल्या घराघरांतलं उत्तर मला सगळ्यात जास्त खुपतं. आपण ते सकाळी कामाच्या मावशींना देतो. डब्यात भरून, वर “चांगलंय हो, कालचंच आहे” असं सांगून. जे आपल्या पानात अभक्ष्य ते मावशींच्या मुलांच्या पानात भक्ष्य कसं झालं? जीवोत्पत्ती झाली असं आपण मानत असू तर ती डबा बदलल्याने नाहीशी होत नाही. अन्न द्यायचंच असेल तर दुपारी अडीचला, ताजं असताना, आपण जेवलो त्यातलंच द्या. सकाळच्या त्या डब्याला दान म्हणू नका. ती आपल्या अंदाज चुकण्याची विल्हेवाट आहे.

मी बी.कॉम. झालेली बाई, मला हिशेबाच्या भाषेतच कळतं. दुकानाचा शिल्लक माल 31 मार्चला मोजतात, आपल्या स्वयंपाकघराचा रोज सूर्यास्ताला मोजायचा आणि तो शून्य निघायला हवा. थंडीत आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे चौविहार करणाऱ्या घरात साडेचार-पाचला झाकणं उघडून बघायचीच वेळ असते. आपल्या आज्या हे करतच होत्या. दुपारच्या उरलेल्या पोळ्या त्याच दिवशी तव्यावर दाबून दाबून, पाण्याचा अंश जाईपर्यंत कडक भाजायच्या की झाला खाखरा. त्याला मग काळ मिळतो, चातुर्मासात 15 दिवस, उन्हाळ्यात 20, हिवाळ्यात 30. (कोकणच्या पावसात डबा घट्ट नसेल तर चार दिवसांतच मऊ पडतो, ते वेगळं.) उरलेल्याचं सोनं करायची खरी जैन पाककृती ती. बर्गरही त्याच रांगेत बसू शकतो, फक्त तो सूर्यास्ताआधी व्हायला हवा.

माझ्या घरी होतो तो असा. दुपारची कोरडी मुगाची डाळ, कच्च्या केळ्याची भाजी, मूठभर भात, अर्धी राहिलेली ढोबळी मिरची. सगळं पातेल्यातलं, पानातलं नाही. उष्ट्यात 48 मिनिटांनी संमूर्च्छिम जीव होतात, म्हणून पानात उरूच द्यायचं नाही. थाळी धुऊन पिण्याची आपली रीत त्यासाठीच आहे. हे सगळं एकत्र कुस्करून थोड्या तुपावर जिरं, धणेपूड, हळद, मिरची आणि सुंठ घालून ओलावा जाईपर्यंत परतायचं. आलं नाही, सुंठ. मोड आलेले मूग माझ्याकडे होतच नाहीत, तुमच्याकडे होत असतील तरी यात घालू नका.

पावाच्या जागी दोन वाट्या गव्हाचं पीठ, दोन चमचे तुपाचं मोहन, मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, अर्ध्या लिंबाचा रस आणि कोमट पाणी. दही मुद्दामच नाही, कारण आत डाळ आहे. लिंबू आणि सोडा भेटले की पीठ लगेच फुगायला लागतं, त्यामुळे मळून ठेवायचं नाही, सारण आधी तयार हवं. पुरणाचा उंडा भरतो तसं सारण भरून तळहाताएवढं जाडसर थापायचं. जाड बुडाच्या कढईत तूप लावून, झाकण ठेवून, मंद आचेवर एकेका बाजूला आठ-दहा मिनिटं. सहा होतात. गॅस मोठा केलात तर बाहेरून करपतात आणि आत पीठ कच्चं राहतं.

सोबत आमसूल आणि गूळ उकळून केलेली चटणी. बाटलीतल्या सॉसपेक्षा ती मुलांना जास्त आवडते. हे उगाच म्हणत नाही, वाटी पुसून खातात. काकडीच्या चकत्या हव्या तर द्या. पावासारखा भुसभुशीत होत नाही हे मी आधीच सांगते. थोडा कचोरी, थोडी भाकरी असा लागतो. नातवंडांना मी त्याला बर्गरच म्हणते आणि त्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

पाच वाजता पीठ घेतलं तर पावणेसहाला पानं वाढून होतात. पाच माणसांना सहाच करा. सहावा कोणाचा यावर भांडण होऊ दे, पण डब्यात घालून सकाळसाठी ठेवू नका.