हत्ती घेण्यापूर्वी चाऱ्याचा हिशेब

कोणत्या जुन्या मोटारीला बाजारात काय भाव आहे, हे आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना इतिहासातील सनावळीपेक्षा अधिक चांगले पाठ असते. यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. गोमंतकातील कित्येक गावांत संध्याकाळची बस चुकली की दुसरी मिळेलच याची शाश्वती नसते. पुढे महाविद्यालय किंवा नोकरी शहरात असली म्हणजे स्वतःचे वाहन असावे, असे तरुणास वाटणे स्वाभाविक आहे. ही इच्छा म्हणजे निव्वळ चैन, असे म्हणणारांशी आम्ही सहमत नाही. मात्र इच्छेच्या पाठोपाठ हिशेब आला पाहिजे, आणि तो येत नाही, ही आमची तक्रार आहे.

दारी हत्ती झुलावा असे कोणास वाटत नाही? पण हत्ती एकदा विकत घ्यावा लागतो आणि चारा रोज घालावा लागतो. मोटारीचेही तसेच आहे. समजा, एका तरुणाने १,२०,००० रुपयांस जुनी मोटार घेतली. महिन्यास ६०० किलोमीटर प्रवास आणि लिटरमागे १५ किलोमीटर धाव धरली, तर ४० लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०० रुपये धरले, तर ४,००० रुपये झाले. विम्याचे महिन्याकाठी ५०० धरू. दुरुस्ती व तेलपाणी यांचे १,०००, आणि टायर व बॅटरी यांसाठी बाजूला टाकावयाचे ५००. एकूण ६,००० रुपये झाले. म्हणजे वीस महिन्यांत ही मोटार स्वतःच्या किमतीएवढे पैसे पुन्हा खाऊन मोकळी होते! आकडे ज्याने त्याने आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलावेत. हिशेबाची रीत बदलत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. मोटार घेण्यापूर्वी, ती दाराशी उभीच आहे असे समजून, सहा महिने तिचा खर्च नियमाने वेगळा काढून ठेवावा. ते जमले, तर मोटार पोसण्याची ऐपत आहे असे निःशंकपणे समजावे. न जमले, तरी काही बिघडले नाही. जे साठले ते आपलेच राहिले, आणि शहाणपण फुकट मिळाले.

शाळकरी मुलांजवळ एवढा पैसा कोठून येणार, असे कोणी विचारील. त्यांच्याजवळ पैसा नसला तरी वेळ आहे. दहा वर्षांवरील मुलास टपाल कार्यालयात स्वतःच्या नावाने खाते उघडून ते स्वतः चालवता येते. तेथील आवर्त ठेव पाच वर्षांची असते आणि तीत महिन्यास किमान १०० रुपये भरावे लागतात. तेराव्या वर्षी, म्हणजे साधारण आठवीत, जो हे खाते उघडील, त्याची मुदत अठराव्या वर्षी पुरी होईल. महिन्यास ५०० भरले तर साठ हप्त्यांचे ३०,००० रुपये आणि वर व्याज. चवथीला पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे, बक्षिसाची रक्कम, सुट्टीत केलेल्या कामाचा मोबदला, हे सारे तेथे जावे. एवढ्यात मोटार येणार नाही हे खरे. पण साठ महिने हप्ता न चुकवणारा मुलगा उद्या पगाराचीही उधळपट्टी करणार नाही.

दुर्दैवाने काही घरांत याच्या उलट घडते. मुलाचा हट्ट पुरवण्यासाठी वडील कर्ज काढतात, प्रसंगी आईच्या पाटल्या गहाण पडतात. मोटारीची किंमत वर्षागणिक उतरत जाते, व्याज मात्र उतरत नाही. शिवाय अठरा वर्षे पुरी झाल्यावाचून मोटारीचा परवाना मिळत नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; वाहनाची नोंदणीही बारा महिने रद्द होते. आणि रस्त्यावर कोणाचा जीव गेला, तर त्याची भरपाई कोणत्या दंडाने होणार?

पैसे जमले, वयही झाले, तरी घाई करू नये. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, यांमुळे लोखंड लवकर गंजते. तेव्हा वरच्या रंगावर न भुलता पायाखालचे आच्छादन उचलून खालचा पत्रा पाहावा. यंत्र थंड असताना, शक्यतो सकाळी, सुरू करून पाहावे. मागून निळसर धूर येत असेल तर आत तेल जळत आहे असे समजावे. विश्वासातल्या मेस्त्रीस दाखवल्यावाचून विसार देऊ नये. मोटार पंधरा वर्षांची होत आली असेल, तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्चही धरावा. नोंदणीपत्रावर बँकेच्या कर्जाचा बोजा नाही ना, दंड थकलेले नाहीत ना, हे तपासावे. नमुना २९ व ३० भरून मालकी आपल्या नावावर होईपर्यंत व्यवहार पुरा झाला असे मानू नये.

विद्यार्थिमित्रहो, आमच्या कोंकणी घरांत पैशाला ‘दुडू’ म्हणतात, आणि वडीलधारी माणसे प्रत्येक दुडवामागचे कष्ट मोजून दाखवतात. तुम्हांस तो कंजूषपणा वाटतो. पण ज्याने स्वतः साठवून जुनी का होईना मोटार घेतली, तो तिला जपून चालवतो. कारण तिच्या प्रत्येक भागात त्याचा एकेक महिना बसवलेला असतो. आज एक वही घ्या आणि पहिल्या पानावर या महिन्याची जमा व खर्च लिहा. मोटारीचा रस्ता तेथूनच सुरू होतो.