सव्वा महिना झाला, पुढे काय?



शाळेच्या वार्तापत्रात बाळंतिणीचा विषय कसा, असे काहींना वाटेल. परंतु आमच्या अनेक विद्यार्थ्यांचे धाकटे भावंड अजून पाळण्यात आहे. मोठ्याला घरी न्यायला आई त्या तान्ह्याला कडेवर घेऊनच चढाव चढून येते. तेव्हा हा विषय शाळेच्या दारापर्यंत आलेलाच आहे.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'जच्चा-बच्चा' म्हणतात, मराठीत 'बाळ-बाळंतीण'. दोन्ही भाषांनी मायलेकरांना एकाच शब्दात बांधले आहे. आपल्या घरांतून सव्वा महिना हा शब्द पाळलाही जातो. शेक, मालिश, गरम पाणी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, सारे होते. मग एक दिवस घागर, धुणे, बाजारहाट सगळे एकदम तिच्या अंगावर पडते. विश्रांती आणि ओझे यांच्यामध्ये पायरीच नसते. ती पायरी म्हणजे हळूहळू वाढवलेला व्यायाम, आणि ती प्रत्येक आईला मिळाली पाहिजे, असे आमचे मत आहे.

'घरकाम करते, आणखी व्यायाम कशाला?' असे ज्येष्ठ मंडळी विचारतात. त्यांच्या अनुभवाचा आम्हांस आदर आहे. परंतु नऊ महिने ताणलेले पोटाचे स्नायू आणि सैल झालेले सांधे भरलेली घागर उचलताना आणखी ताणले जातात. व्यायामाने त्यांना आधी बळ द्यावे लागते. नुसते पडून राहणेही बरे नाही, त्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात बाळंतपणानंतर हळूहळू सुरुवात करून आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली आहे.

बाळंतपण साधे झाले असेल तर पहिल्या दिवसांतच घरातल्या घरात चालावे, दीर्घ श्वास घ्यावा. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते बसल्या जागी आवळावेत आणि सोडावेत. सुमारे सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडून तपासणी करून घेऊन मग चालणे वाढवावे. धावणे आणि उड्या तीन महिन्यांच्या आत नकोत. सिझेरियन झाले असेल तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत बाळापेक्षा जड वस्तू उचलू नये.

आता बाळाचे. बाळाला पाजून, मगच व्यायाम करावा. बेताच्या व्यायामाने दूध आटत नाही. बाळ मान धरीपर्यंत त्याला हातांवर उचलून झुलवू नये, आणि धावताना अंगाशी बांधू नये. झोळीत घेतल्यास त्याचे नाक-तोंड आपल्याला सतत दिसले पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली नसावी. तेल लावलेले बाळ हातातून निसटते, त्या वेळी कसरत नको. सर्वांत सोपा उपाय म्हणजे जमिनीवर चटई घालावी, जागे बाळ शेजारी पालथे घालावे आणि आईने आपला व्यायाम करावा. थोड्या थोड्या वेळाने मिळून दिवसाला अर्धा तास पालथे राहणे बाळालाही हितकारक आहे. मात्र त्याच्यावर लक्ष हवे.

अंगावरून जाणे वाढले, ताप आला, टाके दुखू लागले, पोटरी सुजून दुखली, चक्कर, दम किंवा छातीत दुखणे जाणवले, तर व्यायाम तिथेच थांबवावा आणि डॉक्टर गाठावा. तेरेखोलकरांनी यात उशीर करू नये. आपल्या आणि म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयाच्या मध्ये नदी आहे, फेरीबोट आपल्या सोयीने सुटत नाही. खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल तर तेही लाजेने लपवू नये, त्यावर उपाय आहेत.

विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे की, आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटण्यापूर्वीचा अर्धा तास एक वर्ग या मातांसाठी मोकळा ठेवावा. चटया शाळेत आहेत. आरोग्य केंद्रातील परिचारिकेला महिन्यातून एकदा बोलावता येईल. घरातील पुरुषांनी आणि सासूबाईंनी तेवढा वेळ चूल आणि पाणी सांभाळावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही एक काम करा. आज घरी गेल्यावर आईच्या हातातली घागर तुम्ही घ्या.