टेकअवे: फटक्याआधीचा हातभर प्रवास

7 ऑगस्ट 2021 च्या सकाळी जपानमधल्या कासुमिगासेकीच्या गोल्फ मैदानावर अदिती अशोक ऑलिंपिक पदकासाठी झुंजत होती. गोल्फचा एकही नियम ठाऊक नसलेली कितीतरी घरे त्या दिवशी टीव्हीसमोर खिळून होती. जागतिक क्रमवारीत दोनशेच्या आसपास असलेली ही बंगळुरूची मुलगी चौथी आली. रौप्य-कांस्याच्या प्ले-ऑफपासून ती फक्त एका फटक्याने दूर राहिली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला सोने घेऊन आला आणि गोल्फची चर्चा तिथेच थांबली. पुण्याचा उदयन माने आणि पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेत खेळले, हे तर अनेकांच्या लक्षातही आले नाही.

लातूर जिल्ह्यातल्या देवणीसारख्या तालुक्याच्या गावात गोल्फ आला तो असा, पडद्यावरून. पडद्यावर दिसतो उडालेला चेंडू. तो कुठे पडणार, हे मात्र बरेचसे आधीच ठरलेले असते. क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, चेंडूपासून मागे सरकू लागतो, त्या पहिल्या हातभर अंतराला गोल्फपटू टेकअवे म्हणतात. क्लबची दांडी जमिनीला समांतर होईपर्यंतचा हा भाग म्हणजे जेमतेम क्षणभराचे काम.

देवणीचे नाव महाराष्ट्राला आणि शेजारच्या बिदरला माहीत आहे ते इथल्या बैलांमुळे. त्या बैलांमागे चालणाऱ्याला टेकअवे समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. नांगराचे पहिले तास वाकडे गेले की पुढची सगळी तासे त्याच्या मागे वाकडी जातात.

चूक नेमकी कुठे होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. नवशिक्या उजव्या हाताचा खेळाडू चेंडूसमोर उभा राहतो. जोरात मारायचे या घाईत त्याचे हात आधी हलतात, खांदे जागच्या जागी राहतात. मनगटे वळतात, क्लबचे डोके झपकन शरीराच्या मागे जाते आणि क्लबची चेंडूला लागणारी बाजू आकाशाकडे उघडी पडते. आता वरून खाली येताना क्लबला नीट वाट उरत नाही. मग खांदा पुढे ढकलून बाहेरून आत असा फटका मारला जातो आणि चेंडू वळत वळत उजवीकडच्या झाडांत जातो. याला स्लाइस म्हणतात. जगभरच्या हौशी गोल्फपटूंना छळणारी ही तक्रार आहे. बिचारे फटक्याच्या क्षणात चूक शोधत राहतात.

तिथे ती सापडणे अवघड आहे, कारण वेळच नसतो. निष्णात खेळाडूचा क्लब मागे जायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि खाली यायला पाव सेकंद. पाव सेकंदात विचार करून दुरुस्ती करणे माणसाला शक्य नाही. सुरुवात मात्र स्थिर चेंडूसमोर, हव्या त्या वेळी करता येते. बॅट धरलेल्या पोराला गोलंदाजाची वाट पाहावी लागते; गोल्फमध्ये घाई करणारे कोणीच नसते.

म्हणूनच मोठ्या खेळाडूंनी या हातभर अंतरावर अपार मेहनत घेतली. जॅक निकलस क्लब जमिनीवर टेकवतच नसे; तो किंचित अधांतरी धरून सावकाश मागे नेई, म्हणजे गवतात अडकून पहिलाच इंच बिघडायला नको. बेन होगनने 1957 च्या आपल्या पुस्तकात स्विंगआधीच्या, म्हणजे फटक्यासाठी क्लब फिरवण्याआधीच्या, क्लबच्या हलक्या हालचालीला मोठे महत्त्व दिले. येणाऱ्या फटक्याची ती छोटी तालीमच असते, असे त्याचे सांगणे होते.

यावर आक्षेप म्हणून जिम फ्युरिक या गोल्फपटूचे नाव घेतले जाईल. त्याचा क्लब वर जाताना बाहेर भरकटतो आणि वळसा घेऊन खाली येतो. तरी तो 2003 मध्ये यूएस ओपन जिंकला आणि 2016 मध्ये त्याने पीजीए टूरवर 58 फटक्यांची फेरी खेळली. खरे आहे. पण त्याच्या वडिलांनी, जे स्वतः गोल्फ शिकवत, त्याचा हा स्विंग लहानपणापासून घडवला आणि हजारो वेळा तोच गिरवून घेतला. असे घरचे गुरू किती जणांना मिळतात? बाकीच्यांसाठी सरळ सुरुवात हीच सोपी वाट आहे.

ही वाट स्वस्तही आहे. अठरा होलच्या मैदानाला शंभर एकरांहून अधिक जमीन आणि बारमाही पाणी लागते. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात असे हिरवे मैदान मागणे अन्यायाचे ठरेल. टेकअवेला मात्र शाळेच्या पटांगणाचा एक कोपरा पुरतो. क्लबच्या डोक्यामागे वीतभर अंतरावर दुसरा चेंडू ठेवायचा आणि क्लब मागे नेताना तो सरळ रेषेत मागे ढकलायचा. चेंडू पायांकडे वळला तर हातांनी क्लब आत ओढला, असे समजावे. मग दांडी कमरेइतकी वर आली की थांबायचे. मागून पाहणाऱ्या मित्राला क्लबचे डोके हातांच्या रेषेत किंवा किंचित बाहेर दिसले पाहिजे आणि त्याचे टोक आकाशाकडे किंवा जरासे चेंडूकडे झुकलेले असले पाहिजे. खांदे, हात, क्लब सगळे एकदम निघाले की हे आपोआप जमते. पूर्ण फटका मारायचाच नसल्यामुळे कोणाची खिडकीही फुटत नाही.

साधनांवाचून काय होऊ शकते, हे मुंबईतल्या चेंबूरने दाखवले आहे. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या शेजारच्या वस्तीतल्या कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या, पोरांनी लोखंडी सळ्या वाकवून क्लब केले, प्लास्टिकचे चेंडू घेतले आणि गल्लीबोळांत गोल्फ मांडला. भारतीय गोल्फचा इतिहासही कॅडींनी घडवला आहे. दिल्लीत कॅडीचे काम केलेला अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकला आणि 1993 मध्ये पुन्हा जिंकला. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मुनियप्पानेही कॅडी म्हणूनच सुरुवात करून 2009 मध्ये तीच स्पर्धा जिंकली. या मुलांना महागडा प्रशिक्षक नव्हता, पण चांगला स्विंग रोज डोळ्यांसमोर होता. देवणी, उदगीर, निलंग्याच्या मुलांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. खरी उणीव ही आहे, आणि ती भरून काढता येण्यासारखी आहे.

पुण्या-मुंबईच्या गोल्फ संस्थांत दरवर्षी जुने क्लब बदलून नवे घेतले जातात. त्यांतले सात नंबरचे आयर्न नावाचे क्लब आणि भोकांचे प्लास्टिकचे सरावाचे चेंडू मराठवाड्यातल्या शाळांकडे पाठवावेत. उन्हाळी सुट्टीत एखादा प्रशिक्षक आठवडाभर तालुक्याच्या क्रीडा संकुलात यावा. आणि क्रीडाशिक्षकांनी मुलांना पहिला महिना फटका मारू न देता फक्त क्लब मागे न्यायला शिकवावे.