आबालालांची चित्रं बुडाली, कागद तर नव्हतेच

चित्रकार आबालाल रहिमान यांचं नाव निघालं की कोल्हापुरात कोटीतीर्थ तळ्याची गोष्ट हमखास निघते. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले, आश्रय सुटला आणि दुःखाच्या भरात आबालालांनी हजारो चित्रं तळ्यात सोडून दिली, असं सांगतात. आकडा सांगणाऱ्यागणिक फुगतो.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून हा माणूस गावी परतला, दरबारचा चित्रकार झाला आणि कोटीतीर्थ, संध्यामठ इथलं पाण्यावरचं ऊन जलरंगात धरत राहिला. त्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणण्याचा मोह जाणकारांनाही होतो. पण पॅरिसच्या इम्प्रेशनिस्टांच्या १८७४ च्या गाजलेल्या प्रदर्शनाची वार्ता त्यांच्या कानावर आली होती, की ही नजर तळ्याकाठीच कमावलेली? एखादं पत्र असतं तर वाद मिटला असता. १९३१ मध्ये ते गेले, आत्मचरित्र न लिहिता.

कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर मात्र लिहिते होते. १८९० ते १९३१ जे. जे. त घालवल्यावर त्यांनी १९४० मध्ये ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ प्रसिद्ध केलं. कन्या अंबिका, स्वतः चित्रकार, त्यांनीही आठवणी लिहिल्या. म्हणून जे. जे. तल्या ग्रिफिथ्स मास्तरांचा वर्ग आज आपल्याला दिसतो. प्रकाशाच्या बाबतीत मला आबालाल सरस वाटतात, पण इतिहास लिहिणाऱ्याचा हात आपसूक धुरंधरांकडे जातो. फ्रेंच इम्प्रेशनिस्ट पिसारोने मुलाला धाडलेली पत्रंही १९४३ मध्ये पुस्तकरूपात आली, तो गेल्याला चाळीस वर्षं झाल्यावर. तोवर ती घरच्यांनी जपली होती.

कागद न उरण्याचं आपल्या मराठवाड्याचं दुखणं याहून जुनं. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, मुंबईचं जे. जे. दुसऱ्या मुलखात. पुढे गावोगाव रंग पोचवले ते एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवणाऱ्या चित्रकलेच्या मास्तरांनी. हिंगोलीकडच्या डोंगरकडा गावात केळीच्या बागेत दुपारी पानांतून हिरवट ऊन गळतं. ते कागदावर उतरवणारा हात गावात निपजला, तरी त्याची वही शेवटी रद्दीच्या काट्यावरच चढायची. आधी वाळवी, मग पावसाळा, उरलंसुरलं घर बांधताना.

१९९९ मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. जिल्हा ग्रंथालयात एक कपाट अशा कागदांसाठी राखायला काय लागतं? निवृत्त मास्तरांच्या ट्रंका आताच उघडाव्यात आणि प्रत्येक चित्रामागे जागा, तारीख, वेळ पेन्सिलीने लिहून घ्यावी, सांगणारं माणूस घरात आहे तोवर.