नंबर तुमचा, पण सिम कोणाच्या नावावर?

२०१३ मध्ये नोकरीसाठी औरंगाबाद सोडून हैदराबादला गेलो. तेव्हा आपल्या सर्कलबाहेर पाऊल टाकलं की रोमिंग सुरू व्हायचं आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे कापले जायचे. दोन-तीन महिने कसेबसे काढले, मग तिकडचं सिम घेतलं. जुना नंबर रिचार्जविना बंद पडला.

नवा नंबर सगळ्यांना कळवला, फुफीलाही. पण तिला शाळा माहीत नव्हती. आकडे ओळखायची आणि माझा जुना नंबर तेवढा तोंडपाठ होता. ती तोच लावत राहिली. आधी बंद लागायचा, पुढे एक दिवस कुणी अनोळखी माणूस खेकसला. ईदला घरी आलो तेव्हा कळलं की ती सगळ्यांना सांगत होती, "नोकरी लागली, आता पोरगा फोन उचलत नाही."

नंबर सोबत नेण्याची सोय मला नव्हतीच. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा, म्हणजे पोर्टेबिलिटी, देशभर २० जानेवारी २०११ ला आली होती, पण एका सर्कलपुरती. आणि सर्कल म्हणजे राज्य नव्हे. मोबाइलच्या नकाशात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये आहे, मुंबईचं सर्कल मात्र वेगळं. म्हणजे आपल्या शहरातून पणजीला गेलेल्याला ही सोय होती, मुंबईला गेलेल्याला नव्हती. ही भिंत ३ जुलै २०१५ ला पडली. पुढे २०१६-१७ मध्ये कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचे जादा पैसेही बंद केले.

त्यामुळे आज पुणे, बेंगळुरू, हैदराबाद कुठेही जा, पहिला सल्ला हाच : काहीच करू नका. आहे तो नंबर, आहे तो प्लॅन तसाच चालतो. नव्या खोलीत रेंजच येत नसेल, तरच पोर्ट करा. १९०० वर पोर्ट, मग एक जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस इंग्रजीत पाठवा. आठ अक्षरांचा कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. त्याच सर्कलमध्ये तीन, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच कामाचे दिवस लागतात. नंबर येतो, प्लॅन येत नाही. उरलेला रिचार्ज आणि बॅलन्स बुडतो. म्हणून प्लॅन संपत आला की पोर्ट करा. आणि तो कोड फोनवर मागणाऱ्या कुणालाही देऊ नका, त्याच्या जोरावर नंबर पळवला जातो.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही गेल्या वर्षी धाकट्या बहिणीला बेंगळुरूत नोकरी लागली, तेव्हा आम्ही अडकलो. तिच्या हॉस्टेलमध्ये रेंज नव्हती. दुकानदाराने विचारलं, "सिम कोणाच्या नावावर आहे?" माझ्या. ती अकरावीत असताना मीच माझं ओळखपत्र देऊन शहागंजच्या दुकानातून आणलं होतं. पोर्ट करताना मालक बदलता येत नाही. आधी सिम तिच्या नावावर करायचं, मग पोर्ट. मी औरंगाबादला, ती बेंगळुरूला. तिला सुट्टी काढून यावं लागलं, दुकानाच्या दोन खेपा झाल्या. तिचं बँक खातं, आधार, पदवीचं पोर्टल, सगळं त्याच नंबरावर. दहा वर्षं तो तिने वापरला, कागदावर मात्र तो माझा.

आपल्या घरांमधून मुलींची सिमं बहुतेक अशीच येतात, अब्बांच्या नाहीतर भावाच्या नावावर. वाईट हेतू नसतो. "नाव कुणाचंही असो, वापरते तर तीच," असं म्हटलं जातं. मीही म्हणत होतो. पण ज्याच्या नावावर सिम, त्यालाच डुप्लिकेट सिम मिळतं, तोच नंबर बंद करू शकतो. भावाशी बिनसलं, नवऱ्याशी तुटलं, अब्बांचा इंतेकाल झाला, तर ओटीपी कुणाच्या हातात? शिष्यवृत्तीचा अर्ज, पगाराचं खातं, कोर्टाच्या तारखेचा मेसेज, सगळं त्या एका नंबराच्या मागे उभं आहे. मुलीला शिकवलं, नोकरीला पाठवलं आणि तिच्या दाराची चावी आपल्या खिशात ठेवली, असं हे झालं.

संरक्षणासाठी घरातल्या पुरुषाच्या नावावर असावं, हा युक्तिवाद मला पटत नाही. फसवणूक झाली तर तक्रार करायला नंबर स्वतःचा असणंच उपयोगी पडतं.

दुसरा धोका घरी ठेवलेल्या जुन्या सिमचा. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो. प्रीपेडमध्ये २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवसांची मुदत वाढते. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. तसं करण्याआधी किमान ९० दिवस थांबतात, असं ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आहे. म्हणून नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून तो काढा.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. मी पाहिलं तेव्हा चार निघाले : माझा, बहिणीचा, अम्मीचा आणि एक कुणाचा ते आठवेना. तो बंद करायला कळवलं. बहिणीचा आता तिचा आहे. अम्मीला परवा दुकानात नेलं. अंगठा ठेवताना ती म्हणाली, "इतकी वर्षं हा माझा नव्हता?"

कॉलेजातल्या मुला-मुलींनी मोहल्ल्याच्या अभ्यासिकेत एक रविवार यासाठी द्यावा. दोन फोन, एक टेबल पुरे. पण त्याआधी आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकीला विचारा, तुझं सिम कोणाच्या नावावर आहे?