प्रतिभेचा जमाखर्च

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा विषय निघाला की आपल्याकडील गौरवलेख कलामहर्षी बाबूराव पेंटरांपाशी सुरू होतात आणि तेथेच संपतात. बाबूरावांची प्रतिभा वादातीत आहे. परंतु प्रतिभा कच्ची फिल्म विकत घेत नाही आणि लेथही चालवीत नाही. चित्रपट कंपनी ही उत्पादनसंस्था असते. तिचा इतिहास लिहावयाचा तर भांडवल कोणाचे, श्रम कोणाचे आणि मालकी कोणाची, हे प्रश्न टाळता येणार नाहीत.

भांडवल आले ते तानीबाई कागलकर या गायिकेकडून. ज्या समाजाने गाणाऱ्या स्त्रीला माजघरात कधी बसू दिले नाही, त्याच समाजाच्या अभिमानाचा हा उद्योग तिच्या पैशावर उभा राहिला. ‘सैरंध्री’त (१९२०) गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यावर आल्या, त्या वेळी पांढरपेशा घरांतील स्त्रीला पडदा निषिद्धच होता. आज या तिघींना मिळते ती तळटीप.

श्रमांचीही तीच कथा. १९१६ साली आनंदराव पेंटर निवर्तले. त्यानंतर देशी कॅमेरा सिद्ध झाला तो बाबूरावांच्या दृष्टीइतकाच दामल्यांच्या हातांनी. फत्तेलाल, धायबर, शांताराम ही माणसे मिळेल ते काम करीत याच कारखान्यात घडली. ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) सावकाराने जमिनीवरून उठविलेला आणि शहरात मजूर झालेला शेतकरी शांतारामांनीच रंगविला. शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न पौराणिक देखाव्यांच्या त्या काळात पडद्यावर आणणे, हे या कंपनीचे खरे मोठेपण होय.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले व सीतारामपंत कुलकर्णींच्या भांडवलावर त्यांनी ‘प्रभात’ काढली. याला ‘शिष्यांनी गुरूला सोडले’ असे म्हणून हळहळण्याची प्रथा आहे. ही हळहळ निरर्थक आहे. ज्यांच्या कसबावर कंपनी चालते त्यांना तिच्या मालकीत वाटा नसेल, तर ते आज ना उद्या जाणारच. परंतु येथेही भाबडेपणा नको. पाच भागीदार मालक झाले. बाकीचे पगारीच राहिले. मालक बदलले, नाते बदलले नाही.

मालकीच्या या प्रश्नाचे उत्तर काळानेच दिले आहे. पुण्यातील ‘प्रभात’चा स्टुडिओ पुढे सरकारने घेतला, तेथे १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली, आणि ती जागा चित्रविद्येसाठी टिकली. उलट मूक ‘सावकारी पाश’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर ज्यांच्या ताब्यात मूकपट होते, त्यांच्या लेखी बोलपटानंतर ती अडगळ होती. बाजाराने जे जपले नाही, ते जपण्याची जबाबदारी समाजाची असते आणि ती वेळेवर घ्यावी लागते.

म्हणून पुतळ्यांना हार घालून भागणार नाही. त्या काळच्या कंपन्यांच्या हिशेबवह्या, पगारपत्रके आणि पत्रव्यवहार यांपैकी जे काही घराघरांतून उरले असेल, ते सार्वजनिक संग्रहात आणणे हे शासनाचे आणि विद्यापीठांचे काम आहे. कीर्तीच्या जमाखर्चात जमेची बाजू एकाच्या नावावर आणि खर्चाची बाजू अनामिकांच्या नावावर, हा हिशेब आता तपासलाच पाहिजे.