फेसाचे फार झाले कौतुक!

मंडळी, प्रवाळाची टाकी म्हटली की 'आधी प्रोटीन स्किमर घ्या' हे पालुपद आता पुरे. स्किमर बारीक बुडबुड्यांना चिकटणारी सेंद्रिय घाण कुजण्याआधी फेसाबरोबर बाहेर काढतो, पाण्यात हवाही खेळवतो. उत्तम! पण एकदा तयार झालेले नायट्रेट बुडबुड्याला चिकटत नाही. ते काढणार कोण?

रेफ्युजियममधले, म्हणजे शेजारच्या वेगळ्या कप्प्यातले, कीटोमॉर्फा शेवाळ! ते नायट्रेट-फॉस्फेटवरच वाढते. मूठमूठ उपटून टाकले की तेही टाकीबाहेर. (कॉलर्पा मात्र नको. ते कधी एकाएकी विरघळून पाणी नासवते.) तिथला दिवा रात्री लावला, तर पाण्याचा पीएच फारसा घसरत नाही. स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडींनी १९८०च्या दशकात शेवाळाच्याच जोरावर प्रवाळाच्या टाक्या चालवल्या होत्या.

आणि कोपेपॉड? हे इवले जीव त्या कप्प्यात निर्धास्त वाढतात. मँडरिन माशाचे तेच जेवण. ते नसल्यामुळे कितीतरी मँडरिन घरच्या टाकीत उपाशी मरतात. स्किमरच्या फेसावर पोसून दाखवा बघू!

मासे खच्चून भरायचे असतील तर घ्या बापडे स्किमर. पण न्यू जर्सीतल्या आमच्या पुतण्याकडे मासे चारच, आणि पाचवा मँडरिन आणायचा म्हणतोय. बाबा रे, आधी शेवाळ लाव, सहा महिने थांब, मग मासा आण.